दोरीच्या देठाचे शेवाळ आणि त्याच्या नावाचा दावा

गेल्या श्रावणात आमच्या देवस्थानच्या महाजनांची सभा अग्रशाळेत भरली होती. विषय दर पावसाळ्यात निघतो तोच होता. प्रदक्षिणेच्या वाटेवरील चिरे आणि तळीच्या पायऱ्या हिरव्या होऊन निसरड्या झाल्या होत्या, दोन वृद्ध स्त्रिया घसरून पडल्या होत्या, आणि यावर उपाय काय करावा याचा खल चालला होता. कोणी चुन्याची निवळी सुचवली, कोणी बाजारातले औषध, कोणी नुसती काथ्याची घासणी. इतक्यात एक वयोवृद्ध महाजन मजकडे वळून म्हणाले, "वकीलबाब, तुम्ही शिकलेले. ह्या हिरव्याला शास्त्रात नाव तरी काय?" मी उत्तर दिले, "शेवाळ." सभा हसली आणि पुढच्या विषयाकडे वळली. मला मात्र ते हसू लागले. ज्याला सगळे गाव शेवाळ म्हणते त्याला शेवाळ म्हणण्यास कायद्याची पदवी लागत नाही.

आपल्या भाषेत हा शब्द फार उदार आहे. तळ्यातल्या पाण्यावर तरंगणारा हिरवा तवंग शेवाळ, विहिरीच्या काठचा बुळबुळीत थर शेवाळ, आणि भिंतीवर मखमलीसारखी उगवणारी, नीट पाहिल्यास इवलीइवली पाने असलेली वनस्पती हीही शेवाळच. मराठीच्या शास्त्रीय परिभाषेने यांची वाटणी केली आहे. पाण्यातल्या त्या शैवाल, भिंतीवरच्या सपर्ण त्या हरिता, आणि चपट्या, जमिनीला चिकटणाऱ्या त्या यकृतका. ही नावे पाठ्यपुस्तकांत राहिली, बोलण्यात उतरली नाहीत. परंतु हरिता हा एक स्वतंत्र वनस्पतिसमूह आहे, जगात त्याच्या सुमारे १२००० जाती आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकीला कोणी तरी, केव्हा तरी नाव दिले, वर्णन लिहिले व ते छापले, तेव्हाच ती शास्त्राच्या दप्तरी दाखल झाली. हे दप्तर कसे चालते, तेथे नोंद कोणाच्या नावे होते आणि मुदत कोठून मोजतात, हे प्रश्न माझ्या व्यवसायातले होते. म्हणून मी त्यांच्या मागे लागलो. पुढे जे लिहिले आहे ते त्यांतल्या एकाच जातीविषयी आहे.

तिचे नाव फ्युनेरिया हायग्रोमेट्रिका. आपल्या देशात वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केलेल्या बहुतेक सर्वांना ही परिचित असते, कारण हरितावर्गाचा नमुना म्हणून तीच शिकवली जाते. घरात कोणी विज्ञानशाखेत शिकलेले असेल तर त्यांच्या जुन्या प्रात्यक्षिकाच्या वहीत, पेन्सिलीने रेखाटलेल्या आकृतीत, ही हमखास सापडेल. ती जगाच्या जवळजवळ सर्व भागांत उगवते. थंड प्रदेशांत आणि उष्ण प्रदेशांतील डोंगरांवर, कुंड्यांच्या मातीत, जुन्या विटांवर, आणि विशेषेकरून जेथे काही जळले असेल तेथे. वणवा लागून गेलेल्या रानात, शेकोटीच्या राखेत, कोळसा पाडणाऱ्यांच्या भट्टीच्या जागी जे पहिले हिरवे पाऊल पडते ते पुष्कळदा हिचे असते. इतर झाडे आगीच्या जागेपासून काही काळ दूर राहतात, आणि ही त्या मोकळ्या पडलेल्या जमिनीवर आपली वस्ती करते. मागाहून मोठी झाडे आली की निमूटपणे हटते.

रोप जेमतेम एक सेंटिमीटर उंचीचे. पाने अंतर्वक्र, एकमेकांवर मिटलेली, त्यामुळे टोक कळीसारखे दिसते. या कळीतून दोन ते पाच सेंटिमीटर लांबीचा, केसासारखा बारीक देठ वर येतो. तो आधी हिरवट, मग तांबूस होतो, आणि त्याच्या टोकाला नासपतीच्या आकाराचे, एका अंगाला झुकलेले लहानसे बोंड लटकते. बोंडावर प्रथम लांब चोचीची टोपी असते. ती गळून पडली की खाली झाकण, आणि झाकण उघडले की आत दातांच्या दोन रांगा, प्रत्येक रांगेत सोळा. बाहेरच्या रांगेतील दात किंचित पिळलेले असून मधोमध टोकांशी एकमेकांना जोडलेले असतात. हवा कोरडी असली की त्यांच्यामधल्या फटी रुंदावतात आणि बोंडातील धुळीसारखे बीजाणू थोडेथोडे बाहेर सांडतात. ओल आली की फटी पुन्हा मिटतात. भिंगातून हे पाहिले तर एखाद्या कारागिराने मिऱ्याची डबी घडवावी तसे वाटते.

नावाचे मर्म देठात आहे. फ्युनेरिया हा शब्द दोरी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला, आणि हायग्रोमेट्रिका म्हणजे ओल मोजणारी. देठ वाळला की दोरीप्रमाणे पीळ घेतो. ओला झाला की पीळ सुटतो आणि टोकाचे बोंड गरगर फिरते. त्यावर नुसता श्वास सोडला तरी ते हालते. दोन शब्दांत एवढे नेमके वर्णन क्वचितच साधते. मग हे दोन शब्द जुळवले कोणी? येथून दाव्याला आरंभ होतो, आणि या दाव्यात तीन वादी आहेत.

पहिला वादी कार्ल लिनियस. स्वीडनच्या या पंडिताने १७५३ साली आपला वनस्पतींचा महाग्रंथ प्रसिद्ध केला आणि प्रत्येक जातीला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत रूढ केली. त्यापूर्वी वनस्पतीचे नाव म्हणजे एक लांबलचक लॅटिन वाक्य असे, आणि ते नाव होते की वर्णन होते हे सांगणे कठीण. लिनियसने आपल्या या हरितेस म्नियम हायग्रोमेट्रिकम असे म्हटले. ओल मोजणारी हा अर्धा भाग त्याचा, यात शंका नाही.

परंतु लिनियसला हरिता समजल्या नव्हत्या. यात त्याचा एकट्याचा दोष नाही. या विषयात त्याने ज्याचा आधार घेतला तो ऑक्सफर्डचा प्राध्यापक योहान याकोब डिलेनियस हा हरितांचा त्या काळचा सर्वांत मोठा जाणकार. १७४१ साली त्याने हरितांवर एक अवाढव्य ग्रंथ लिहिला आणि त्यातली ८५ चित्रफलके स्वतःच्या हाताने तांब्यावर कोरली. पण बोंड म्हणजे फुलातील पुंकेसराची परागकोशिका आणि त्यातली धूळ म्हणजे पराग, अशी डिलेनियसची समजूत होती, आणि लिनियसने तीच उचलली. म्हणजे अपत्याला पिता समजून वंशावळ लिहिली गेली. ज्या ग्रंथात वारसाचा क्रमच उलटा लागला आहे, त्यावरून हक्कांचा निवाडा कसा करावा, हा प्रश्न पुढे दीडशे वर्षांनी पंचांसमोर आला.

दुसरा वादी जॉन सिब्थॉर्प. डिलेनियस १७४७ साली वारला तेव्हा त्याच्या आसनावर जो हम्फ्री सिब्थॉर्प बसला त्याचा हा मुलगा, आणि बापामागून त्याच आसनाचा धनी. १७९४ साली ऑक्सफर्डच्या परिसरातील वनस्पतींवर त्याने ग्रंथ काढला आणि त्यात फ्युनेरिया व हायग्रोमेट्रिका हे दोन्ही शब्द शेजारी आले. मागील पिढीच्या अनेक नामांकित ग्रंथांत या हरितेच्या नावापुढे सिब्थॉर्पचेच नाव छापलेले दिसते. सिब्थॉर्पचे खरे जीवितकार्य ग्रीसच्या वनस्पती हे होते. त्या प्रवासात प्रकृती ढासळून १७९६ साली वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. मृत्युपत्राने त्याने आपल्या जमिनीचे उत्पन्न त्या ग्रंथाच्या प्रकाशनासाठी लावून दिले, आणि १८०६ पासून १८४० पर्यंत तो ग्रंथ दुसऱ्यांच्या हातून निघत राहिला. मृत्युपत्रांच्या वाचनात माझे अर्धे आयुष्य गेले आहे. पण फुलांची चित्रे छापण्यासाठी शेत बांधून देणारा मृत्युपत्रकर्ता मला अजून भेटायचा आहे.

तिसरा वादी योहान हेड्विग, आणि याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे.

हेड्विगचा जन्म १७३० साली ट्रान्सिल्व्हेनियातील क्रोनस्टाट या गावी झाला. आज ते गाव ब्रशॉव्ह या नावाने रुमानियात आहे. तेथील जर्मनभाषी लोक बाराव्या शतकापासून पुढे येऊन वसलेले. मूळ भूमीपासून शेकडो कोस दूर, भोवती निराळ्या भाषा, आणि तरीही आपली भाषा, आपली देवळे व आपल्या शाळा सांभाळून राहिलेले. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर किंवा बेळगाव येथील मराठी वाचकास ही स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही. हेड्विग वैद्यक शिकण्यासाठी लाइपझिगला गेला, १७५९ साली त्याने पदवी मिळवली, आणि आपल्या गावी परत येऊन वैद्यकी करावी अशी त्याची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. ट्रान्सिल्व्हेनिया ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते, आणि पदवी ऑस्ट्रियाच्या विद्यापीठाची नाही म्हणून त्याला तेथे वैद्यकीस मनाई झाली. सनद दुसऱ्या राज्याची म्हणून स्वतःच्या गावातून उठावे लागणे हा प्रसंग सीमाभागातील पदवीधरांस ओळखीचा वाटेल.

तो सॅक्सनीतील केमनित्स या गावी वैद्य झाला. पहाटे उठून रानात जायचे, हरिता गोळा करायच्या, दिवसभर रोगी पाहायचे आणि रात्री सूक्ष्मदर्शकापुढे बसायचे, असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. चित्रकलाही तो प्रौढ वयातच शिकला, कारण जे दिसते ते दुसऱ्याच्या हाताने काढून घेण्यात चूक राहते असे त्याला वाटे. ज्या भागांकडे इतरांनी निरर्थक केस म्हणून दुर्लक्ष केले होते, त्यांत त्याने हरितांची खरी नर-इंद्रिये आणि मादी-इंद्रिये ओळखली. बोंड हे गर्भधारणेनंतरचे फळ आहे, पुंकेसर नव्हे, हे त्याने दाखवले. बीजाणू पेरून त्यांतून नवी रोपे उगवून पाहिली. सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने अपुष्प वनस्पतींच्या पुनरुत्पत्तीवर जे पारितोषिक जाहीर केले होते ते १७८३ साली त्याला मिळाले आणि निबंध १७८४ साली छापला गेला. तोवर तो लाइपझिगला येऊन राहिला होता. पुढे तेथील विद्यापीठात तो वैद्यकाचा व १७८९ पासून वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झाला.

हरितांची विभागणी करताना त्याने मुख्यतः बोंडाच्या तोंडाशी असलेल्या दातांकडे पाहिले. दात किती, रांगा किती, ते मोकळे की जोडलेले. वर वर्णन केलेल्या सोळा-सोळा दातांच्या दोन रांगांना जे महत्त्व आले ते हेड्विगमुळे. भिंगाखाली दिसणाऱ्या या इवल्या दातांवर सगळ्या हरितांची कुळे मांडता येतील हे त्यानेच प्रथम व्यवस्थितपणे सिद्ध केले, आणि आजही जाती ओळखताना ते दात तपासल्यावाचून भागत नाही.

फेब्रुवारी १७९९ मध्ये हेड्विग वारला. सर्व हरितांचा एकत्र ग्रंथ हस्तलिखितात होता. त्याचा शिष्य फ्रीडरिख श्वेग्रिखन याने तो हाती घेतला आणि १८०१ साली ७७ रंगीत चित्रफलकांसह प्रसिद्ध केला. या ग्रंथात फ्युनेरिया हायग्रोमेट्रिका आहे. मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने इस्टेटीची वाटणी मृताच्या इच्छेप्रमाणे करावी आणि स्वतःचा हक्क सांगू नये, तसे श्वेग्रिखनचे वागणे राहिले. पुढे १८४२ पर्यंत तो गुरूच्या ग्रंथाच्या पुरवण्या काढत होता, पण मूळ ग्रंथातील नावांपुढे गुरूचेच नाव उभे आहे.

आता निवाडा. १७५३चा लिनियस, १७९४चा सिब्थॉर्प आणि १८०१चा हेड्विग. पहिला आला त्याचा हक्क, हा तर सर्व कायद्यांचा आणि सर्व रांगांचा साधा नियम. तरीही आज जगभर या हरितेच्या नावापुढे हेड्विगचेच नाव लिहितात. हे कसे घडले?

नावांच्या गोंधळाने त्रासून वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८६७ साली पॅरिस येथे जमून नामकरणाचे नियम मान्य केले. त्यांचा मसुदा आल्फोन्स द कांदोल याचा. हा गृहस्थ जिनिव्हाचा, आणि मुळात कायद्याचा पदवीधर. मसुदा वाचताना कलमांची बांधणी पाहूनच लेखकाची जात ओळखू येते. योगायोग असा की ज्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आम्हा गोव्यातील वकिलांचे पोट चालत आले, तीही १८६७ सालचीच. ती गोव्यात १८७० पासून लागू झाली. एकाच वर्षी युरोपात एका टोकाला माणसांच्या वारसाची आणि दुसऱ्या टोकाला झाडांच्या नावांची संहिता तयार होत होती.

अग्रहक्काचा नियम ठरला, पण मुदत कोठून मोजायची? मागे मागे जात राहिले तर ग्रीक वैद्यांपर्यंत पोहोचावे लागेल. म्हणून फुलझाडांपुरता आरंभ लिनियसचा १७५३ हा ठरला. हरितांच्या बाबतीत १९१० साली ब्रुसेल्सच्या काँग्रेसने निराळा निर्णय दिला. लिनियसच्या ग्रंथात हरितांची मांडणीच चुकीच्या समजुतीवर उभी असल्यामुळे तो पाया धरता येत नाही, खरे शास्त्र हेड्विगपासून सुरू होते, म्हणून हरितांची नावे १ जानेवारी १८०१ पासून ग्राह्य. त्याआधीचे सर्व दावे मुदतबाह्य. लिनियस बाद झाला. सिब्थॉर्पही बाद झाला, आणि तोही अवघ्या सात वर्षांनी लवकर आल्यामुळे. न्यायालयात उशिरा आलेला पक्षकार मी रोज पाहतो. लवकर आल्यामुळे हरलेला एवढा एकच माझ्या पाहण्यात आहे.

या नियमालाही एक अपवाद आहे. दलदलीत वाढणारे स्फॅग्नम नावाचे कुळ मात्र १७५३ पासूनच मोजले जाते, आणि यकृतकाही तशाच. शिवाय या संहितेत एक तत्त्व असे आहे की ते आमच्या तत्त्वाच्या अगदी उलट आहे. आमच्याकडे कायदा सामान्यतः पुढील काळासाठी असतो आणि मागे लागू करायचा असेल तर विधिमंडळाने तसे स्पष्ट सांगावे लागते. नावांच्या संहितेत नियम सर्व मागील काळास लागू असतात, आणि लागू नसतील तर तसे स्पष्ट सांगावे लागते. १९१० साली बसलेल्या माणसांनी १७९४ साली छापलेल्या पुस्तकाचा हक्क काढून घेतला, तो या तत्त्वावर.

हा न्याय झाला का? मी या प्रश्नावर बराच विचार केला. प्रथम मन सिब्थॉर्पकडे झुकले. त्याने जे दोन शब्द छापले तेच आज उभे आहेत, आणि त्याचे नाव नाही. पण मग ध्यानात आले की संहिता बक्षीस वाटत नाही. नावापुढील नाव हा सन्मान नव्हे, तो दस्तऐवजाचा क्रमांक आहे. शंका आली तर कोणते पान उघडायचे एवढेच तो सांगतो. सिब्थॉर्पचे पान उघडून हरितांच्या दातांचे काही कळणार नाही. हेड्विगचे उघडून कळेल. लिनियसचे ऋण ज्याला मान्य करायचे असेल त्याला ते चौकोनी कंसात लिहिण्याची मुभाही संहितेने ठेवली आहे. तरीही मनाच्या एका कोपऱ्यात ती सात वर्षे बोचतात हे कबूल केले पाहिजे.

त्यातही आपल्या लोकांशी संबंधित एक स्मरण होते. १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ छापला गेला. कोचीचा डच अधिकारी व्हान रेडे हा त्याचा कर्ता. पण माहिती पुरवली येथील वैद्यांनी. इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण. या तिघांचे साक्षपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत, कोंकणी भाषेत छापलेले आहे. कोंकणीच्या छपाईच्या इतिहासात त्याचे मोल वेगळे सांगायला नको. लिनियसने या ग्रंथाचा भरपूर उपयोग केला, आणि त्याने दिलेल्या अनेक नावांचा आधार म्हणजे या ग्रंथातील चित्रे आहेत. परंतु ग्रंथ १७५३ पूर्वीचा. म्हणून त्यात नोंदलेली मल्याळी व कोंकणी नावे, आणि ती सांगणारे वैद्य, मुदतीच्या पलीकडे राहिले. सिब्थॉर्पप्रमाणे तेही लवकर आले होते. फरक इतकाच की सिब्थॉर्पच्या वतीने वाद घालणारे ग्रंथकार निघाले, आणि रंग भटाच्या साक्षपत्राकडे लोकांचे लक्ष फार उशिरा गेले.

असो. हेड्विगचे पान उघडले म्हणजे सर्व बरोबर सापडते असेही नाही. त्याने बीजाणूला बी मानले. त्याची चूक दुरुस्त झाली ती त्याच्याच लाइपझिग गावात, आणि तीही प्राध्यापकाकडून नव्हे. विल्हेल्म होफमाइस्टर हा वडिलांच्या संगीतग्रंथांच्या प्रकाशनगृहात काम करणारा तरुण. विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशी नव्हती. १८५१ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने दाखवले की हरितेच्या आयुष्यात दोन पिढ्या आळीपाळीने येतात. पाने असलेले हिरवे रोप ही एक पिढी. तिच्यावर गर्भधारणेतून उगवणारा देठ व बोंड ही दुसरी. दुसरी पिढी पहिलीला सोडून जात नाही, तिच्याच अंगावर उभी राहते आणि तिच्याकडून पोषण घेते. फ्युनेरियाच्या कोवळ्या बोंडात थोडे हरितद्रव्य असते व श्वसनासाठी रंध्रेही असतात, म्हणजे ते काही प्रमाणात स्वतःही अन्न तयार करते. एकत्र कुटुंबात बापाच्या घरी राहणारा, पण थोडीशी स्वकष्टार्जित मिळकत असलेला मुलगा म्हणा. बीजाणू रुजला की प्रथम निघतो तो हिरवा, धाग्याधाग्यांचा जाळीदार थर. तो हुबेहूब पाण्यातल्या शैवालासारखा दिसतो, आणि त्यावर मागाहून पानांच्या कळ्या येतात. तेव्हा दोहोंना शेवाळ म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांची नजर अगदीच चुकली होती असे म्हणवत नाही.

हेड्विगच्या ग्रंथातील दुसऱ्या एका हरितेची गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण ती फ्युनेरियाच्याच कुळातली आहे. हेड्विगने तिला फॅस्कम पेटेन्स म्हटले. नंतर ती फिस्कोमिट्रेला झाली आणि त्या नावाने प्रयोगशाळांत प्रसिद्धीस आली. २००८ साली तिचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, आणि तो मान मिळवणारी ती पहिली हरिता ठरली. पुढे अभ्यासकांनी दाखवले की ती खरे म्हणजे फिस्कोमिट्रियम या कुळात बसते, आणि गेल्या काही वर्षांत तिचे नाव पुन्हा बदलले. प्रयोगशाळेतील मंडळींची कुरकुर झाली. पण कुळ बदलले तरी पेटेन्स हा शब्द व हेड्विगची नोंद कायम आहे. लग्नानंतर आडनाव बदलावे आणि जन्मदाखला तोच राहावा, तसे.

आता भाषेचा मुद्दा. १९३५ पासून नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये दिल्याशिवाय नाव ग्राह्य होत नसे. १ जानेवारी १९५८ पासून ज्या नमुन्यावर नाव आधारलेले आहे तो नमुना सांगणेही सक्तीचे झाले. म्हणजे साक्षीबरोबर मुद्देमाल हजर करावा लागतो. हेड्विगच्या वाळवलेल्या नमुन्यांचा मुख्य संग्रह जिनिव्हाच्या वनस्पतिसंग्रहालयात आहे, द कांदोलच्या संग्रहाच्या शेजारी. २०११च्या मेलबर्न काँग्रेसने लॅटिनची सक्ती सैल केली आणि २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी यांपैकी कोणतीही भाषा चालू लागली. मराठीत किंवा कोंकणीत कितीही अचूक वर्णन लिहिले तरी नाव दप्तरी दाखल होणार नाही. फ्रेंच, रशियन आणि चिनी यांचीही हीच अवस्था आहे, म्हणून मी यात आपल्यापुरता अपमान शोधत नाही. परंतु २०२४च्या माद्रिद काँग्रेसने आफ्रिकेतील लोकांना हिणवणाऱ्या एका विशेषणाऐवजी अनेक नावांत निराळे रूप घालण्याचे ठरवले, हे मला महत्त्वाचे वाटते. अग्रहक्कापुढे काहीही चालत नाही असे म्हणणाऱ्या संहितेने तेथे माणसाच्या प्रतिष्ठेसाठी वाट करून दिली.

आपल्या देशात हरितांची मोजदाद उशिरा झाली. शिवराम कश्यप यांनी लाहोरहून पश्चिम हिमालय व पंजाब येथील यकृतकांवर १९२९ व १९३२ साली दोन भाग लिहिले, आणि त्यांना या शास्त्राचे भारतातील जनक मानतात. ब्रूल यांची भारतीय हरितांची यादी १९३१ सालची. कलकत्त्याचे गांगुली यांचा पूर्व भारतातील हरितांवरचा ग्रंथ १९६९ ते १९८० या काळात भागांभागांनी निघाला. ज्याला आपल्या भिंतीवरची वनस्पती ओळखायची आहे त्याला आजही या जाड इंग्रजी ग्रंथांकडेच जावे लागते.

मीही अखेर एका वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राकडे गेलो. तळीच्या पायरीवरचा एक चिमूटभर तुकडा कागदात बांधून नेला होता. त्याने तो पाण्यात भिजवला, भिंगाखाली धरला आणि सांगितले की ही फ्युनेरिया नव्हे. पाने वाळली की कडा आत वळवून घेणारी, पाणवठ्याच्या दगडांवर व भिंतींवर राहणारी हायोफिला नावाची हरिता ती. फ्युनेरिया त्याने मला पुढच्या हिवाळ्यात महाबळेश्वरी दाखवली. रस्त्याच्या कडेला गवत जाळलेली जागा होती, आणि काळ्या मातीवर तांबूस देठांचे दाट रान उभे होते. गुडघे टेकून मी त्यावर श्वास सोडला. थोडा वेळ काही झाले नाही, मग एक बोंड हळूच वळले, मग शेजारचे.

देवस्थानच्या पुढच्या सभेत मी त्या वृद्ध महाजनांना हायोफिला हे नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा उच्चारून पाहिले आणि विचारले, "हे कोणी ठेवले, आणि कोणत्या साली?" पायऱ्या काथ्याच्या घासणीने घासाव्यात आणि भिंतीवरचे तसेच राहू द्यावे, असा ठराव त्या दिवशी झाला.